ईपीटीतली नोंद बरोबर, तरी गेस्टच्या पेजमध्ये होस्टचा मजकूर कसा येतो?

अनघा_रामबाग

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत रविवारी सिस्टीम प्रोग्रॅमिंगचा जो वर्ग भरतो, त्याच्यासाठी एक छोटा हायपरव्हायजर (एका मशीनवर, म्हणजे होस्टवर, आभासी मशीन, म्हणजे गेस्ट, चालवणारा प्रोग्रॅम) लिहिते आहे. लिनक्सचं कर्नल मॉड्यूल, इंटेलचं व्हीटी-एक्स (आभासी मशीनसाठी सीपीयूतली सोय), दुसऱ्या पातळीला ईपीटी (गेस्टच्या फिजिकल पत्त्यावरून होस्टच्या फिजिकल पत्त्याकडे नेणारं टेबल). केव्हीएम (लिनक्समधला तयार हायपरव्हायजर) मुद्दाम घेतलं नाही, कारण मुलांना आतलं यंत्रच उघडून दाखवायचं आहे. मशीनमध्ये १६ जीबी रॅम, ८ जीबी स्वॅप. गेस्टला ४ जीबी आणि दोन व्हीसीपीयू (आभासी सीपीयू).

रचना साधी आहे. यूजर प्रोग्रॅम एमॅपने ४ जीबी अनॉनिमस मेमरी घेतो आणि आयऑक्टलने मॉड्यूलला सांगतो की गेस्टचा अमुक फिजिकल पत्ता म्हणजे माझा तमुक व्हर्चुअल पत्ता. ईपीटी व्हायोलेशन (गेस्टने ईपीटीत नोंद नसलेल्या पत्त्याला हात लावला की येणारा फॉल्ट, एक्झिट कारण ४८) आलं की मी गेट_यूजर_पेजेस_फास्ट मारते (राइटसाठी), मिळालेल्या पेजचा फिजिकल पत्ता घेते, त्यावर ७ ऑर करून ईपीटीच्या शेवटच्या पायरीत ठेवते, पुट_पेज करते आणि गेस्टमध्ये परत जाते. हे सगळं एका म्यूटेक्सखाली (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक).

बिघाड असा दिसतो: गेस्टमध्ये एक चाचणी प्रोग्रॅम आहे. तो प्रत्येक ४ केबी पेजच्या पहिल्या आठ बाइटमध्ये त्या पेजचाच गेस्ट-फिजिकल पत्ता लिहितो आणि मग फिरून फिरून तपासतो. होस्ट रिकामा असेल तर तासन्‌तास एकही चूक नाही. शेजारी होस्टवर कर्नलचं बिल्ड आठ जॉबवर लावलं की दहा-पंधरा मिनिटांत चुका सुरू. एका पेजमध्ये हेक्समध्ये २सी४५००० असायला हवं होतं, तिथे होस्टवरच्या मेकफाइलचा तुकडा निघाला, टॅबसकट. ईपीटी डंप करून पाहिली, नोंद जशी लिहिली होती तशीच आहे.

विचारायचं ते एवढं: नोंद बरोबर असून मजकूर दुसऱ्याचा कसा? सगळी मेमरी पिन करून (कर्नलला हलवता येणार नाही अशी धरून) टाकावी का? इन्व्हईपीटी (सीपीयूने साठवलेली ईपीटीची भाषांतरं पुसणारी सूचना) नेमकं कधी मारायचं? गेस्ट बूट व्हायलाही सहा-सात मिनिटं घेतो, त्याचा याच्याशी संबंध आहे का? आणि २ एमबीची पेजेस लावायची असतील तर आत्ताच लावावीत की नंतर?

---

छत्रीबाग

अनघाताई, नोंद बदलली नाही हेच तर दुखणं आहे. ती बदलायला हवी होती.

तुमच्याकडे एकाच मेमरीची दोन टेबलं आहेत. पहिलं त्या यूजर प्रोसेसचं पेज टेबल, व्हर्चुअल पत्त्यावरून होस्टच्या फिजिकल पत्त्याकडे नेणारं. ते कर्नलचं आहे, आणि कोणतं पेज कुठे आहे याबद्दल त्याचाच शब्द खरा. दुसरं तुमची ईपीटी. ती पहिल्यावरून काढलेली नक्कल आहे आणि ती अस्तित्वात आहे हे कर्नलच्या मेमरी व्यवस्थेला ठाऊकच नाही. पुट_पेज केलंत त्या क्षणी पेजवरचा तुमचा हक्क संपला. आता कर्नल ते पेज हलवायला, स्वॅपला टाकायला किंवा दुसऱ्याला द्यायला मोकळं.

पेज हलवणाऱ्या गोष्टी काही थोड्या नाहीत. मेमरी कमी पडली की रिक्लेम (पेजेस परत घेणं), मोठा सलग तुकडा हवा असला की कॉम्पॅक्शन, ह्यूज पेज गोळा करणारा के-ह्यूजपेजडी, मेमरीचे एकापेक्षा जास्त नोड असतील तर न्यूमा बॅलन्सिंग, केएसएम चालू असेल तर एकसारख्या पेजेसचं विलीनीकरण. त्याशिवाय प्रोसेस स्वतः एमअनमॅप किंवा एमअॅडव्हाइज करू शकते, आणि फोर्क झालं (प्रोसेसची प्रत निघाली) की कॉपी-ऑन-राइटसाठी (लिहिल्यावरच पेजची प्रत काढण्यासाठी) नोंदी रीड-ओन्ली होतात. प्रत्येक वेळी कर्नल प्रोसेसचं टेबल नीट दुरुस्त करतं. तुमचं टेबल मागेच राहतं. जुनं पेज मोकळं झालं तरी त्यातला मजकूर लगेच पुसला जात नाही, म्हणून गेस्टला काही काळ सगळं आलबेल दिसतं. मग तेच पेज पेज-कॅशला (वाचलेल्या फाइली मेमरीत ठेवण्याच्या जागेला) जातं, त्यात मेकफाइल वाचली जाते आणि गेस्टला ती दिसते. उलट दिशेचा धोका जास्त मोठा आहे: गेस्ट त्या पेजमध्ये लिहितो तेव्हा तो होस्टच्या फाइलमध्ये लिहीत असतो. हे कळेपर्यंत त्या मशीनवर कामाचं काही ठेवू नका.

खात्री करायला दहा मिनिटं थांबायची गरज नाही. होस्ट पेज_पॉयझन=१ देऊन बूट करा (कर्नलमध्ये पेज पॉयझनिंग आत घेतलेलं असलं पाहिजे). मग मोकळं होणारं प्रत्येक पेज हेक्स एए या बाइटने भरलं जातं. चाचणी चालू ठेवून प्रॉक-सिस-व्हीएममधल्या कॉम्पॅक्ट_मेमरी या फाइलमध्ये १ लिहा. गेस्टच्या पेजेसमध्ये एए-एए-एए दिसायला लागलं की प्रश्न मिटला. गेस्टने अशा पेजमध्ये लिहिलेलं असेल तर पुढच्या वाटपाच्या वेळी कर्नल पेजअॅलॉक मेमरी करप्शन म्हणून लॉगमध्ये ओरडेल. कासानवर (मेमरीच्या चुका शोधणाऱ्या कर्नलमधल्या तपासनिसावर) विसंबू नका. गेस्टचं लिहिणं-वाचणं थेट हार्डवेअरमधून होतं, कंपायलरने घातलेल्या तपासण्या तिथे पोचत नाहीत.

बूट सावकाश होतं त्याचं कारण वेगळं आहे, आणि तुमच्या त्या ७ मध्ये आहे. ईपीटीच्या शेवटच्या नोंदीत बिट ०, १, २ म्हणजे वाचणं, लिहिणं, चालवणं. बिट ३ ते ५ म्हणजे मेमरी टाइप. ते तुम्ही शून्य ठेवलेत आणि शून्य म्हणजे अनकॅशेबल. गेस्टचं प्रत्येक वाचन कॅश टाळून थेट रॅमला जातंय. राइट-बॅकसाठी तिथे ६ हवेत, म्हणजे ७ ऐवजी हेक्स ३७. २ एमबीच्या नोंदीला बिट ७ सुद्धा, म्हणजे बी७. मधल्या पायऱ्यांच्या नोंदीत मात्र ७ च ठेवा. तिथे बिट ३ ते ७ राखीव आहेत आणि काही घातलंत तर ईपीटी मिसकॉन्फिगरेशन, एक्झिट कारण ४९. ईपीटी पॉइंटरसुद्धा बघून घ्या: राइट-बॅक ६, चार पायऱ्या म्हणजे बिट ३ ते ५ मध्ये ३, आणि अॅक्सेस्ड-डर्टी बिट हवे असतील तर बिट ६. खालची बेरीज हेक्समध्ये ५ई, ते बिट नको असतील तर १ई.

---

लष्कर_ग्वाल्हेर

पिन करण्याबद्दल. ४ जीबीचा गेस्ट, १६ जीबीचं मशीन, शिकवण्याचा हेतू. माझ्या मते आधी पिन करून मोकळ्या व्हा. गेट_यूजर_पेजेस सोडा, पिन_यूजर_पेजेस_फास्ट घ्या आणि फोल_लाँगटर्म झेंडा द्या. हा झेंडा महत्त्वाचा, कारण तो दिल्यावर कर्नल ते पेज हलवता येणाऱ्या झोनमधून आणि सीएमएतून (मोठ्या सलग वाटपासाठी राखलेल्या मेमरीतून) आधी बाहेर काढतं आणि मग पिन करतं. गेस्ट बंद होताना अनपिन_यूजर_पेज, आणि ईपीटी व टीएलबी (पत्त्यांची भाषांतरं साठवणारी सीपीयूतली कॅश) साफ झाल्यानंतरच. आधी अनपिन आणि मग फ्लश असा क्रम लागला तर हाच बिघाड शेवटच्या क्षणी परत दिसेल.

किंमत: ती ४ जीबी स्वॅप होत नाही, एकत्र होत नाही, बलूनने (गेस्टकडून मेमरी मागून घेण्याच्या सोयीने) परत मिळत नाही, आणि मेमलॉकच्या (मेमरी अडवून ठेवण्याच्या) मर्यादेत तुम्हीच मोजायची असते. पिन_यूजर_पेजेस ते मोजून देत नाही. उपकरण थेट गेस्टला देणारं व्हीएफआयओ असंच पिन करतं, कारण डीएमए करणारं (मेमरीला स्वतः थेट हात लावणारं) उपकरण सहसा फॉल्ट घेऊन थांबू शकत नाही.

---

छत्रीबाग

पिन केल्याने मेकफाइल दिसायची थांबेल हे खरं, पण दोन टेबलांचं भांडण मिटत नाही. प्रोसेसने त्या पट्ट्यावर एमअॅडव्हाइज डोंटनीड (ही मेमरी आता नको असं सांगणं) मारलं तर प्रोसेसला नवं शून्य भरलेलं पेज मिळेल आणि गेस्ट जुन्या पिन केलेल्या पेजवरच लिहीत राहील. व्हर्टआयओचा (गेस्टच्या आभासी डिस्क वगैरे उपकरणांचा) बॅकएंड प्रोसेसमध्ये आहे. तो एका पेजवर वाचणार, गेस्ट दुसऱ्यावर लिहिणार, आणि डिस्कची विनंती कुठेच पोचणार नाही. शिवाय अनघाताईंना मुलांना जे दाखवायचं आहे ते नेमकं हेच आहे. म्हणून पिन फक्त आजचा बिघाड ओळखण्यापुरतं. खरं काम एमएमयू नोटिफायरचं.

---

दांडियाबाजार_बडोदे

नोटिफायरचं सविस्तर लिहितो, कारण वरवर चार ओळींचं काम वाटतं आणि तिथेच घसरायला होतं.

एमएमयू नोटिफायर कर्नलमध्ये २.६.२७ पासून आहेत, म्हणजे २००८ पासून, आणि आले ते केव्हीएमच्या याच गरजेतून. पेज टेबलमधली नोंद बदलण्याआधी कर्नल तुम्हाला इनव्हॅलिडेट_रेंज_स्टार्ट देतं, बदल झाल्यावर इनव्हॅलिडेट_रेंज_एंड. स्टार्टमधून तुम्ही परत आलात याचा अर्थ कर्नल असा घेतं की त्या पट्ट्यातलं एकही पेज आता गेस्टला दिसत नाही: ईपीटीतून नोंद गेली आणि कोणत्याही सीपीयूच्या टीएलबीत ती उरली नाही. दोन्ही. नोंद काढली आणि फ्लश नंतर करू म्हटलं तर तो नंतरचा वेळ म्हणजेच भोक.

पट्टा येतो तो होस्टच्या व्हर्चुअल पत्त्यांत. तुमचं टेबल गेस्टच्या फिजिकल पत्त्यांवर चालतं. त्यामुळे तुमच्या स्लॉटांच्या (गेस्टचा अमुक पट्टा म्हणजे प्रोसेसचा तमुक पट्टा अशा नोंदींच्या) यादीतून उलट शोध घ्यावा लागतो. एकच व्हर्चुअल पट्टा दोन स्लॉटांत असू शकतो (बायोसचा तुकडा खाली १ एमबीच्या आत आणि वर ४ जीबीच्या टोकाला, असा दोनदा दिसणं अगदी नेहमीचं). पहिला स्लॉट सापडला की शोध थांबवू नका.

आता शर्यत. व्हीसीपीयूला फॉल्ट आला, तुम्ही पेज मागितलंत, पेज मिळालं. ते ईपीटीत लिहिण्याच्या आत दुसऱ्या सीपीयूवर कर्नलने तेच पेज हलवायला घेतलं आणि तुमचा स्टार्ट कॉल आला. ईपीटीत नोंद अजून नाही, तेव्हा काढण्यासारखं काही नाही; तो परत गेला. आणि मग तुम्ही शांतपणे जुना पत्ता लिहिलात. नोटिफायर असूनही बिघाड तोच, फक्त आता दहा मिनिटांऐवजी दोन दिवसांनी दिसेल. यावर केव्हीएमचा उपाय दोन आकड्यांचा आहे: चालू असलेल्या इनव्हॅलिडेशनची संख्या, आणि पूर्ण झालेल्यांचा क्रमांक.

१. फॉल्टमध्ये, लॉक न घेता, क्रमांक वाचून ठेवा. मग रीड बॅरियर (वाचनांचा क्रम सीपीयूला बदलू न देणारी सूचना).
२. पेज मागा. इथे झोप लागू शकते, स्वॅपमधून वाचावं लागेल, लागू द्या.
३. आता लॉक घ्या. चालू संख्या शून्य नसेल तर माघार. रीड बॅरियर टाकून क्रमांक पुन्हा वाचा. बदललेला असेल तरी माघार.
४. माघार म्हणजे लॉक सोडा, पेज परत करा, नोंद न लिहिता गेस्टमध्ये जा. त्याच सूचनेवर पुन्हा फॉल्ट येईल आणि सगळं पहिल्यापासून.
५. दोन्ही ठीक असतील तर लॉकखालीच नोंद लिहा.

स्टार्टमध्ये लॉक घेऊन संख्या एकने वाढवायची, नोंदी काढायच्या, फ्लश करायचा. एंडमध्ये लॉक घेऊन आधी क्रमांक वाढवायचा, राइट बॅरियर, मग संख्या एकने कमी. एंडमधला हा क्रम उलटा लावू नका. संख्या शून्य झालेली दिसली आणि क्रमांक जुनाच दिसला, तर फॉल्टवाला निर्धास्त होऊन जुनं पेज लिहून मोकळा होतो.

हे दोन आकडे स्वतः सांभाळायचे नसतील तर ५.५ पासून एमएमयू इंटरव्हल नोटिफायर आहे: रीड_बिगिन, मग पेज, मग लॉकखाली रीड_रिट्राय. आतलं यंत्र दाखवायचं असेल तर मात्र पहिलीच पद्धत हाताने लिहावी.

दोन गोष्टी सहसा राहून जातात. एक, डर्टी. गेस्ट ईपीटीतून लिहितो तेव्हा प्रोसेसच्या नोंदीतला डर्टी बिट लागत नाही. कर्नलला पेज स्वच्छ वाटलं आणि स्वॅपमध्ये त्याची जुनी प्रत असली, तर ते पेज न लिहिता टाकून देईल. म्हणून लिहिण्याजोगी नोंद करतानाच, लॉकखाली, पेज डर्टी म्हणून नोंदवा. दोन, अॅक्सेस्ड. यूजर प्रोसेस स्वतः त्या मेमरीला फारसं शिवत नाही, गेस्ट शिवतो. प्रोसेसच्या टेबलात ती पेजेस अगदी थंड दिसतात आणि रिक्लेम गेस्टची सगळ्यात जास्त वापरातली पेजेसच आधी बाहेर काढतं. याला क्लिअर_फ्लश_यंग हा कॉल आहे: ईपीटीतला बिट ८ बघा, लागलेला असेल तर पुसा आणि हो म्हणा. हॅसवेलपासून पुढच्या इंटेल सीपीयूंत हे अॅक्सेस्ड आणि डर्टी बिट ईपीटीत मिळतात, पॉइंटरमधला बिट ६ लावला असेल तर. हा कॉल नसला तर काही मोडत नाही, पण स्वॅप सुरू झालं की गेस्ट रांगतो आणि कारण सापडत नाही.

---

तुकोगंज

इन्व्हईपीटीचा प्रश्न राहिला, तो मी घेते.

सरळ हिशोब असा. नोंद नव्हती आणि झाली: फ्लश नको, कारण गैरहजर नोंद कॅश होत नाही. परवानगी वाढली, रीड-ओन्लीची राइट झाली: फ्लश नको, कारण ईपीटी व्हायोलेशन त्या पत्त्याचं कॅश झालेलं भाषांतर स्वतःच काढून टाकतं. दुसऱ्या सीपीयूवर जुनी राहिली तरी फार तर एक फालतू फॉल्ट येईल, तो ओळखून परत जायचं. नोंद गेली, परवानगी कमी झाली किंवा पत्ता बदलला: फ्लश हवाच. अॅक्सेस्ड बिट पुसल्यावर काटेकोरपणे हवा, पण तिथे थोडी चूक फक्त अंदाजाची असते, बिघाडाची नाही.

सिंगल-कॉन्टेक्स्ट इन्व्हईपीटी (प्रकार १) त्या ईपीटीची सगळी भाषांतरं काढतं, गेस्टच्या व्हर्चुअल पत्त्यावरून थेट होस्टपर्यंत जोडलेली सुद्धा, व्हीपीआयडी (टीएलबीतली व्हीसीपीयूची ओळख) कोणताही असो. पण ते चालतं ज्या सीपीयूवर सूचना चालली तिथेच. तुमचे दोन व्हीसीपीयू दोन वेगळ्या सीपीयूंवर असतील, तर नोटिफायर ज्या तिसऱ्या सीपीयूवर चालतोय तिथे मारलेल्या इन्व्हईपीटीचा उपयोग शून्य.

करायचं असं: प्रत्येक व्हीसीपीयूला फ्लशची मागणी असा एक बिट द्या. नोंद काढली की सगळ्यांचा बिट लावा आणि जे त्या क्षणी गेस्टमध्ये आहेत त्यांना आयपीआय (एका सीपीयूने दुसऱ्याला पाठवायचा इंटरप्ट) पाठवा, आणि ते बाहेर आल्याची पोच येईपर्यंत थांबा. आयपीआयने व्हीएम-एक्झिट होते. परत आत जाण्याआधी, इंटरप्ट बंद करून, आधी मी गेस्टमध्ये जातोय अशी खूण करायची, मग पूर्ण बॅरियर, मग मागणी तपासायची. तपासणी आधी आणि खूण नंतर केलीत तर मधल्या फटीत मागणी हरवते. झोपलेल्या व्हीसीपीयूला उठवू नका, तो आत जाताना बिट बघेलच. व्हीसीपीयू एका सीपीयूवरून दुसऱ्यावर गेला की नव्या ठिकाणी पहिल्यांदा आत जाताना एक फ्लश करून टाका. त्या सीपीयूवर त्याच ईपीटीची जुनी भाषांतरं पडून असू शकतात.

अजून एक. ईपीटीच्या मधल्या पायरीचं पेज रिकामं झालं म्हणून लगेच मोकळं करू नका. सीपीयू मधल्या पायऱ्याही कॅश करतो. आधी वरची नोंद काढा, फ्लश पूर्ण होऊ द्या, मग ते पेज परत द्या.

---

अनघा_रामबाग

सगळ्यांचे आभार. हेक्स ३७ केल्याबरोबर बूट नऊ सेकंदांवर आलं. पेज_पॉयझनने एए दिसले, म्हणजे छत्रीबागदादांचं निदान बरोबर. बडोद्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे दोन आकडे आणि तुकोगंजताईंच्या पद्धतीने फ्लश लिहिला. चाचणीत आता एकही चूक नाही.

पण बिल्ड चालू असताना अर्ध्या तासाने एक व्हीसीपीयू थ्रेड अडकतो. १२० सेकंदांनी हंग टास्कचा संदेश येतो. स्टॅकमध्ये खालून वर: माझा फॉल्ट हँडलर, नवं ईपीटी पेज घेणारं गेट_झीरोड_पेज, मग रिक्लेम, ट्राय_टू_अनमॅप, माझाच इनव्हॅलिडेट_स्टार्ट आणि शेवटी म्यूटेक्स_लॉक.

---

दांडियाबाजार_बडोदे

स्टॅकनेच उत्तर दिलंय. लॉक हातात असताना तुम्ही जीएफपी_कर्नलने मेमरी मागितली. मेमरी नव्हती, म्हणून कर्नल तुमच्याच थ्रेडमध्ये रिक्लेमला लागलं, त्याने तुमच्याच गेस्टचं पेज निवडलं, आणि तुमचा नोटिफायर तुमच्याच हातात असलेल्या लॉकसाठी थांबला. स्वतःच स्वतःची वाट बघणं.

लॉकच्या आत मेमरी मागायचीच नाही. फॉल्ट आला की लॉक घेण्याआधी व्हीसीपीयूच्या खिशात मोकळी पेजेस भरून ठेवा. चार पायऱ्यांच्या ईपीटीत मूळ पेज आधीपासून असतं, म्हणजे एका फॉल्टला जास्तीत जास्त ३ नवी पेजेस लागतात. पाच पायऱ्या असतील तर ४. लॉकखाली फक्त खिशातून काढायचं. उरलेली पुढच्या फॉल्टला. केव्हीएमही हेच करतं.

एवढं झालं की लॉकखाली झोपण्यासारखं काही उरत नाही. म्यूटेक्स काढा, स्पिनलॉक (न झोपता जागीच फिरत वाट बघणारं लॉक) घ्या. ओओएम रीपर (मेमरी संपल्यावर मारलेल्या प्रोसेसची मेमरी सोडवणारा) नोटिफायरला झोपायची परवानगी न देता बोलावतो, तोही प्रश्न सुटतो. मात्र साधाच स्पिनलॉक, इंटरप्ट बंद करणारा नको: लॉक धरून तुम्ही आयपीआयच्या पोचेची वाट बघता, आणि दुसरा सीपीयू इंटरप्ट बंद करून त्याच लॉकवर फिरत असेल तर तो आयपीआय घेणारच नाही.

प्रूव्ह_लॉकिंग लावून कर्नल बांधा. हा लॉक आणि रिक्लेम यांची गाठ लॉकडेप (कर्नलमधला लॉक-तपासनीस) पहिल्याच वेळी दाखवतो, अर्धा तास थांबावं लागत नाही.

---

लष्कर_ग्वाल्हेर

पिनचा सल्ला मागे घेतो, इथपर्यंत आलात तर नोटिफायरच ठेवा. २ एमबीबद्दल लिहितो, तो प्रश्न कुणी घेतला नाही.

४ जीबी म्हणजे ४ केबीची १०,४८,५७६ पेजेस. एका टेबल-पेजात ५१२ नोंदी, म्हणजे शेवटच्या पायरीची २,०४८ टेबल-पेजेस, ८ एमबी. वरच्या पायऱ्या मिळून आणखी २४ केबी. २ एमबीची पेजेस लावली तर ती २,०४८ टेबलं उडतात आणि ६ पेजेसमध्ये काम भागतं. पीसीआयच्या पट्ट्यामुळे थोडी रॅम ४ जीबीच्या वर सरकत असेल तर ७. तेवढीच ८ एमबी प्रोसेसच्या स्वतःच्या टेबलातही लागतात हे विसरू नका, तो आकडा प्रॉकमधल्या स्टेटस फाइलमध्ये व्हीएम-पीटीई म्हणून दिसतो.

जागेपेक्षा चालीचा फायदा मोठा. टीएलबीत नसलेल्या एका पत्त्यासाठी गेस्टच्या चार पायऱ्या, आणि त्या प्रत्येक पायरीचा पत्ता ईपीटीच्या चार पायऱ्यांतून: वाईटात वाईट २४ मेमरी वाचनं. फक्त ईपीटी २ एमबीवर आणली तर १९, गेस्टनेही २ एमबी घेतली तर १५.

अटी तीन. गेस्ट-फिजिकल आणि होस्ट-व्हर्चुअल या दोन्ही पत्त्यांना २ एमबीने भागल्यावर बाकी सारखी यायला हवी. एमॅपने दिलेला पत्ता तसा असेलच असं नाही, म्हणून २ एमबी जास्त मागून आतून सरळ करून घ्या. पूर्ण २ एमबी एकाच स्लॉटमध्ये हवी. आणि प्रोसेसच्या टेबलातही त्या ठिकाणी खरोखर ह्यूज नोंद हवी. पेज मोठ्या पेजचा भाग दिसतं एवढ्यावर जाऊ नका, प्रोसेसच्या टेबलात चालत जाऊन नोंद कोणत्या पायरीवर आहे ते बघा, आणि तेही त्या क्रमांकाच्या तपासणीच्या आत. ह्यूज पेज फुटलं की नोटिफायर येईल. तेव्हा तुमची २ एमबीची नोंद अख्खी काढा, पट्टा ४ केबीचा असला तरी. पुढचा फॉल्ट योग्य आकाराची बसवेल.

सीपीयू जुना असेल तर सिस-डिव्हाइसेसमधल्या व्हल्नरेबिलिटीज फोल्डरात आयटीएलबी_मल्टीहिट बघा. तो सीव्हीई-२०१८-१२२०७ हा दोष असलेला असेल तर गेस्टला चालवता येणारी २ एमबीची नोंद देऊ नका: चालवण्याचा बिट काढून द्या, आणि तिथून सूचना चालवायचा फॉल्ट आला की तेवढा भाग ४ केबीत फोडा. नाहीतर गेस्ट ठरवून मशीन-चेक आणू शकतो आणि होस्ट बसतो.

४ केबीवर सगळं निर्धोक होईपर्यंत मात्र याला हात लावू नका.

---

तुकोगंज

बंद करतानाचं राहिलंय. मॉड्यूल ज्या प्रोसेसच्या मेमरीवर बसलंय तिचा एमएम (प्रोसेसच्या मेमरीचा हिशोब ठेवणारी कर्नलमधली रचना) धरताना एमएमग्रॅब घ्या (ते फक्त ही रचना धरतं), एमएमगेट (ते मेमरीही जिवंत ठेवतं) नको. एमएमगेट घेतलंत तर एमएम तुमच्या फाइलमुळे जिवंत, आणि फाइल त्या एमएममधल्या एमॅपमुळे जिवंत; प्रोसेस मेली तरी ४ जीबी परत येत नाही. प्रोसेस संपताना नोटिफायरचा रिलीज कॉल येतो. तो आला की संपूर्ण ईपीटी रिकामी करा आणि त्यानंतर एकही नोंद लिहू देऊ नका, कारण फाइल डिस्क्रिप्टर एखाद्या फोर्क झालेल्या मुलाकडे उघडा असू शकतो. त्यासाठी प्रत्येक आयऑक्टलच्या सुरुवातीला सध्याच्या प्रोसेसचा एमएम आणि धरलेला एमएम एकच आहे का ते बघा, नसेल तर ईआयओ ही चूक परत करा. गेस्टच्या मेमरीवर एमअॅडव्हाइज डोंटफोर्क लावलंत तर फोर्कच्या वेळी कॉपी-ऑन-राइटचा सगळा गोंधळही टळतो. क्यूएमू (केव्हीएमबरोबर वापरला जाणारा एम्युलेटर) तेच करतं.

चाचणी एवढी लावा: एक थ्रेड गेस्टच्या मेमरीचा यादृच्छिक २ एमबी तुकडा निवडून एमअॅडव्हाइज पेजआउट मारत राहील (५.४ पासून आहे), दुसरा दर सेकंदाला कॉम्पॅक्ट_मेमरीत १ लिहील, तिसरा दर पाच सेकंदांनी फोर्क करून लगेच संपेल. आत तुमचा पत्ते लिहिणारा प्रोग्रॅम. पेज_पॉयझन आणि लॉकडेप चालूच ठेवा. रंगपंचमीला गेर (मिरवणूक) असते, वर्ग नसणारच, मशीन मोकळं असेल. आदल्या रात्री लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी डीमेसेज (कर्नलचा लॉग) इथे टाका.

---

अनघा_रामबाग

खिसा ३ पेजेसचा केला, साधा स्पिनलॉक केला. लॉकडेपने आणखी एक जागा दाखवली: स्लॉट बदलणाऱ्या आयऑक्टलमध्येही लॉकखाली केमॅलॉक होता, तो बाहेर काढला. एमएमगेटच होतं, आता एमएमग्रॅब. तीन थ्रेडांची चाचणी लावली आहे, पहिल्या चार तासांत चूक शून्य आणि स्वॅपमध्ये ६०० एमबीच्या आसपास ये-जा. क्लिअर_फ्लश_यंग अजून लिहिलेलं नाही; ते आधी न लावता आणि मग लावून, दोन्ही वेळा मेजर फॉल्ट (डिस्कवरून वाचावं लागणारे) मोजते आणि आकडे इथेच टाकते.